वीज देणारा पत्रा येईल तेव्हा येईल

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, शिवाजी उद्यमनगर या औद्योगिक भागांतल्या जुन्या शेडची छपरं आता बदलण्याच्या वयाला आली आहेत. सिमेंटचे पत्रे उतरतात आणि त्यांच्या जागी निळा, पांढरा नाहीतर विटकरी पोलादी पत्रा चढतो. छपराला एकदा हात घालायचाच आहे म्हटल्यावर मालकाच्या डोक्यात साहजिकच एक हिशोब सुरू होतो. पत्र्याचा खर्च वेगळा, वर सोलर प्लेटांचा वेगळा, प्लेटा ज्यावर बसवायच्या त्या सांगाड्याचा आणखी वेगळा. त्यापेक्षा पत्र्यावरच वीज तयार करणारा थर चढवलेला असेल, तर एका कामात सगळं उरकेल. असा पत्रा परदेशात निघालाय म्हणतात, मग थोडं थांबावं का?

प्रश्न रास्त आहे. पण थांबू नये, असं माझं ठाम मत आहे. आज या छपरांवर चांगला साधा रंगीत पत्रा टाकावा, कैच्या (छपर पेलणारे त्रिकोणी सांगाडे) आणि पर्लिन (त्यांवरच्या आडव्या पट्ट्या) तपासून मजबूत कराव्यात आणि वर नेहमीची सिलिकॉनची पॅनेल बसवावीत. वीज देणाऱ्या पत्र्यावर संशोधन जरूर व्हावं, कोल्हापुरात तर व्हावंच. मात्र त्या आशेवर उद्योजकांनी पाच-सात वर्षं ऊन वाया घालवू नये आणि सरकारनंही त्या मालाला घाईघाईनं अनुदान देऊ नये. सरकारनं करण्यासारखं काम छपराच्या ताकदीचं आहे. त्याकडे पुढे येतो.

आधी हा पत्रा म्हणजे नेमकं काय ते पाहू. १९९१ साली ब्रायन ओ'रेगन आणि मिखाएल ग्रेट्झेल या दोघांनी एक वेगळाच सौर सेल जगापुढे मांडला. सिलिकॉनचा सेल करायचा तर अतिशुद्ध सिलिकॉन १४०० अंशांच्या वर वितळवून त्याचे स्फटिक वाढवावे लागतात. या दोघांच्या सेलमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडची बारीक भुकटी होती. घराच्या भिंतीला देतात त्या पांढऱ्या रंगातही हीच भुकटी असते. तिच्या कणांवर प्रकाश शोषणारा रंग चढवायचा आणि आयोडीनयुक्त द्रावण भरायचं, की उजेड पडल्यावर वीज मिळते. भुकटी, रंग, द्रावण म्हटल्यावर पोलादवाल्यांचे कान टवकारले. रंगीत पत्रा बनवण्याची त्यांची रीतच अशी आहे, की पोलादाचं भेंडोळं एका बाजूनं उलगडत जातं, त्यावर रूळ रंग लावतात, ओव्हनमध्ये तो भाजला जातो आणि दुसऱ्या टोकाला भेंडोळं परत गुंडाळलं जातं. याच ओळीत आणखी तीन-चार थर वाढवले तर पत्रा वीज देईल, अशी ती कल्पना. कल्पना म्हणून ती सुंदर आहे, याबद्दल शंका नाही.

वेल्समधल्या स्वान्सी विद्यापीठानं कोरस या पोलाद कंपनीबरोबर हे काम हाती घेतलं. कोरस २००७ साली टाटा स्टीलनं विकत घेतली होती, त्यामुळे या गोष्टीत आपलंही नातं आहे. २००८ मध्ये तिथल्या संशोधकांनी एक हिशोब मांडला. कंपनी वर्षाला सुमारे १० कोटी चौरस मीटर रंगीत पत्रा बनवते. त्या सगळ्यावर अवघ्या ५ टक्के कार्यक्षमतेचा, म्हणजे उन्हातल्या ऊर्जेच्या ५ टक्क्यांचीच वीज करणारा थर दिला, तरी वर्षाला ४५० कोटी युनिटच्या आसपास वीज मिळेल. गणित बरोबर आहे. मीही ते ब्रिटनच्या उन्हाचा आकडा घेऊन करून पाहिलं. पुढे टाटा स्टील आणि डायसोल या ऑस्ट्रेलियन कंपनीनं मिळून २०११ मध्ये पोलादावर सलग छापलेलं, तीन मीटर लांबीचं मॉड्यूल, म्हणजे जोडलेल्या सेलांचा संच, करून दाखवलं. त्या प्रकारचं ते तेव्हा जगातलं सर्वात मोठं होतं.

त्यानंतर मात्र तो पत्रा बाजारात आला नाही. डायसोलनं पेरोव्स्काइट या दुसऱ्या पदार्थाकडे मोर्चा वळवला, नाव बदलून ग्रेटसेल केलं आणि २०१८ च्या अखेरीस कंपनी डबघाईला येऊन प्रशासकांच्या ताब्यात गेली. स्वान्सीच्या आवारात २०१६ मध्ये उभ्या राहिलेल्या वीजनिर्मिती करणाऱ्या वर्गखोलीचं छप्पर पोलादीच आहे, पण त्यावर वीज देणारा भाग तांबं, इंडियम, गॅलियम आणि सेलेनियम यांच्या पातळ सेलचा आहे आणि तो पत्र्यावर वेगळा चिकटवलेला आहे. रंगाच्या डब्यातून वीज काढायला निघालेली माणसं शेवटी चिकटवण्यावर आली, ही गोष्ट या संशोधनाला कमी लेखण्यासाठी मी सांगत नाही. पोलादाच्या कारखान्यात जे सरळ वाटतं ते छपरावर सरळ राहत नाही, हे त्या हुशार माणसांनी स्वतः अनुभवलं. आपण त्यातून शिकावं.

अमेरिकेतल्या युनी-सोलरची हकीकत आणखी बोलकी आहे. स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की यांच्या कंपनीनं स्टेनलेस पोलादाच्या दोन-अडीच किलोमीटर लांब, कागदासारख्या पातळ पट्टीवर अमॉर्फस, म्हणजे स्फटिक नसलेल्या सिलिकॉनचे थर चढवून दाखवले आणि तयार माल खरोखर विकला. मागचा कागद काढायचा, पत्र्याच्या सपाट भागावर चिकटवायचं, वायर जोडायची, झालं. वजन नगण्य आणि छपराला एकही भोक नाही. अनेक देशांतल्या छपरांवर हा माल बसला. त्याची कार्यक्षमता सहा ते आठ टक्क्यांची होती आणि तेव्हा तेवढी चालत होती, कारण स्फटिकी सिलिकॉन महाग होतं. मग सिलिकॉनचे भाव कोसळले आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. १९७० च्या दशकाच्या मध्यावर सिलिकॉन मॉड्यूलच्या एका वॉटला आजच्या पैशांत शंभर डॉलरच्या घरात खर्च येई. आज जागतिक बाजारात तो पाव डॉलरच्याही खाली आहे. वीज देणाऱ्या पत्र्याला शर्यत लावायची आहे ती या उतरत्या भावाशी.

आता कोल्हापूरच्या छपरावर येऊ आणि जागेचा हिशोब करू. शिरोलीतल्या एखाद्या फाउंड्रीची शेड १,००० चौरस मीटरची धरा. मधल्या वाटा, उजेडाचे पारदर्शक पत्रे आणि कडा सोडून ६५० चौरस मीटरवर सिलिकॉन पॅनेल बसतील. बाजारातली चांगली पॅनेल २१-२२ टक्क्यांची असतात, म्हणजे साधारण १३५ किलोवॉट. आपल्याकडे एक किलोवॉट वर्षाला १,४०० युनिट तरी देतो, तेव्हा वर्षाचे झाले सुमारे १ लाख ९० हजार युनिट. वीज देणारा पत्रा जास्त जागा व्यापू शकेल, ८५० चौरस मीटर देऊ. कार्यक्षमता उदार मनानं ८ टक्के धरू. ६८ किलोवॉट, म्हणजे वर्षाला ९५ हजार युनिट. बरोबर निम्मे.

निम्मे मिळाले तरी काय बिघडलं, असं फाउंड्रीवाला म्हणणार नाही. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला ६०० युनिटच्या आसपास वीज लागते. महिन्याला २०० टन वितळवणाऱ्या कारखान्याचे नुसत्या भट्टीचेच वर्षाला १४ लाख ४० हजार युनिट होतात. पूर्ण छप्पर सिलिकॉननं भरलं तरी त्यातला जेमतेम आठवा हिस्सा निघतो. अशा ठिकाणी छपराचा प्रत्येक चौरस मीटर मोलाचा असतो. जिथे जागा भरपूर आणि वापर थोडा, तिथे कमी कार्यक्षमता खपून जाते. साखर कारखान्याचं गोदाम त्या जातीचं आहे. फाउंड्रीचं छप्पर तसं नाही आणि शिवाजी पेठेतल्या दोन खणी घराचं तर त्याहून नाही. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. तेवढे तीन किलोवॉट सिलिकॉनच्या १५ चौरस मीटर पॅनेलांत बसतात. ८ टक्क्यांच्या थराला ३८ चौरस मीटर पत्रा लागेल. पेठेतल्या गच्चीवर पाण्याची टाकी, वाळत घातलेले कपडे आणि शेजारच्या भिंतीची सावली वजा करून ३८ चौरस मीटर मोकळी जागा कुणाकडे उरते?

तरीसुद्धा माझा मुख्य आक्षेप टक्केवारीवर नाही. टक्केवारी वाढेल. पेरोव्स्काइटनं २००९ मध्ये ३.८ टक्क्यांपासून सुरुवात केली आणि प्रयोगशाळेत २६ टक्क्यांच्या पुढे मजल मारली. माझा आक्षेप छप्पर आणि वीजनिर्मिती यांना एकाच मालात जखडण्यावर आहे. पत्रा एका कारणानं मरतो, सौर सेल दुसऱ्या कारणानं. पत्र्याला गंज चढतो तो कापलेल्या कडेपासून, स्क्रूच्या भोकापासून, पन्हळीत साचलेल्या काळ्या गाळापासून. सेल मरतो तो आत ओल शिरल्यानं, जोड सुटल्यानं किंवा उन्हानं वरचा पारदर्शक थर पिवळा पडल्यानं. दोघांचं आयुष्य नेमकं एकाच वर्षी संपेल अशी आशा कुणी धरू नये. सेल दहाव्या वर्षी थकला आणि पत्रा अजून धड आहे, तर काय करायचं? चांगलं छप्पर उतरवायचं, की मेलेला थर डोक्यावर बाळगायचा? उलट पत्रा आधी गळायला लागला, तर चालू वीजनिर्मिती बंद करून तो काढावा लागणार. बैलगाडीच्या चाकाची धाव झिजली तर नवी धाव बसवतात, गाडी मोडीत काढत नाहीत. पॅनेल वेगळं असलं की तीच सोय राहते. एक पॅनेल बिघडलं तर दोन माणसं चार क्लॅम्प सोडून ते बदलतात आणि खालची शेड कोरडीच राहते.

सिलिकॉन पॅनेलच्या वीज-उत्पादनाची हमी २५ वर्षांची असते. ती हमी कागदी आहे असं कुणी म्हणेल, कारण हमी देणारी कंपनी तोवर टिकेल की नाही कोण जाणे. पण दशकानुदशकं उघड्यावर चाललेल्या सिलिकॉन पॅनेलांचा अनुभव जगाकडे आहे. १९५४ साली बेल लॅब्जमध्ये सुमारे ६ टक्क्यांचा पहिला व्यवहार्य सिलिकॉन सेल झाला, तेव्हापासून हा पदार्थ पारखला जातोय. ओ'रेगन-ग्रेट्झेल यांच्या रंगाच्या सेलपाशी एवढी शिदोरी नाही. शिवाय त्याच्या पोटातच एक वैरी बसलेला आहे. त्यातलं आयोडीनचं द्रावण बहुतेक धातूंना खातं. काचेवर सेल केला तर ते निभतं. पोलादावर करायचा तर द्रावण आणि पोलाद यांच्यामध्ये सूक्ष्म छिद्रही नसलेला थर टिकवावा लागतो. पोलाद अपारदर्शक असल्यानं उजेड वरच्या बाजूनंच आत घ्यावा लागतो, म्हणजे वरचा थर पारदर्शक, वीजवाहक आणि हवाबंद असा तिन्ही असावा लागतो. पोलाद स्वतः वीजवाहक असल्यामुळे पातळ थरांच्या अनेक प्रकारांत सेल त्यापासून वेगळा ठेवायला आणखी एक थर येतो. हे सगळं कारखान्यातल्या चालत्या भेंडोळ्यावर मैलभर बिनचूक करायचं, मग तो पत्रा रोलमध्ये दाबून त्याला नागमोडी आकार द्यायचा आणि शेवटी तो ट्रकमधून शिरोलीत आणायचा.

शिरोलीत आल्यावर त्याचं काय होतं ते आपल्याला चांगलं माहीत आहे. पत्रा जागेवर ग्राइंडरनं कापला जातो. ड्रिल मशीननं स्क्रू मारले जातात, एखादा वाकडा बसला की शेजारी दुसरा. कामगार त्यावरून चालतात. पुढे कधीतरी धुराड्यासाठी भोक पाडलं जातं, टर्बो पंखा बसतो, वायर ओढली जाते. आपल्या फॅब्रिकेटरचं कौशल्य याच मोकळेपणावर उभं आहे आणि ते मोठं कौशल्य आहे. वीज देणारा पत्रा त्याच्या हातातलं ग्राइंडर काढून घेईल, कारण चालू सेलला भोक म्हणजे बिघाड, कधीकधी आगीचाही धोका. प्रत्येक पत्र्याला स्वतःची जोडणी लागणार, म्हणजे एका शेडवर शेकडो जोड आणि तेही छपराच्या सांध्यांजवळ, नेमकं पाणी जिथे शिरतं तिथे. त्यासाठी माणसं नव्यानं तयार करता येतील, ते अशक्य नाही. पण माल विकणाऱ्यानं ही जबाबदारी मालकाच्या आणि फॅब्रिकेटरच्या गळ्यात टाकू नये.

फाउंड्रीत आत काम करणाऱ्या माणसाच्या बाजूनंही पाहायला हवं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली भट्टीसमोर उभं राहणं काय असतं, हे ज्यानं अनुभवलंय त्याला सांगायची गरज नाही. पत्र्यापासून वीतभर उंचीवर बसवलेली पॅनेल त्या पत्र्यावर सावली धरतात, मधून वारा वाहतो आणि शेड थंड राहायला मदत होते. पत्र्यालाच चिकटलेला काळा थर मात्र ऊन शोषून ते खाली देतो. पॅनेलांनाही ती मोकळी हवा हवीच असते, कारण सेल २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन गमावतो. अमॉर्फस सिलिकॉनची ही घट कमी असते, ही त्याची खरी जमेची बाजू. पण माणसाच्या डोक्यावरची उष्णता त्यानं कमी होत नाही. ऊर्जेच्या चर्चेत ही गोष्ट कुणी मोजत नाही याचं मला वाईट वाटतं. छपराचं पहिलं काम खालच्या माणसाला सांभाळण्याचं आहे.

युरोपात अशा पत्र्याचा मोठा उपयोग भिंतींवर सांगितला जातो. कारखान्याची उभी बाजूही वीज देईल, मग कार्यक्षमता कमी असली तरी क्षेत्रफळानं भरून निघेल. हा मुद्दा जसाच्या तसा इथे आणला तर फसतो. स्वान्सी ५१.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे २१ मार्चच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून ३८ अंशांवर असतो, म्हणून दक्षिणेच्या उभ्या भिंतीला थेट किरणांचा ७८ टक्के भाग मिळतो. कोल्हापूर १६.७ अंशांवर आहे. त्याच दुपारी इथे सूर्य ७३ अंशांवर चढलेला असतो आणि तशाच भिंतीला अवघा २९ टक्के भाग मिळतो. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तर आपला दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला सरकलेला असतो, दक्षिणेच्या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. उलट या अक्षांशामुळे आपल्याला एक लाभ मिळतो. कमी उताराच्या शेडची उत्तरेकडची बाजूसुद्धा पॅनेल बसवण्याजोगी असते, युरोपात ती सोडून द्यावी लागते. आपल्याकडे वीज छपरावर आहे, भिंतीवर नाही.

ढगाळ उजेडाचंही तसंच. रंगाचा सेल मंद, विखुरलेल्या उजेडात तुलनेनं चांगला चालतो आणि वेल्ससाठी तो महत्त्वाचा गुण आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हेच होतं, गगनबावडा-राधानगरीकडे जरा जास्तच. पण बाकीचे आठ महिने कडक ऊन असतं आणि वर्षाच्या विजेचा मोठा वाटा त्या महिन्यांतला आहे. पावसाळ्यातला थोडा फायदा घेण्यासाठी उन्हाळ्यातलं निम्मं पीक सोडणं परवडणारं नाही.

दुसऱ्या बाजूचे दोन मुद्दे मात्र वजनदार आहेत. पहिला शब्दशः वजनाचा. साडेपाचशे वॉटचं पॅनेल अडीच चौरस मीटरचं आणि २८ ते ३२ किलोचं असतं. सांगाडा धरून छपरावर चौरस मीटरला १५ किलोच्या आसपास भार येतो. चिकटवण्याचा पातळ माल त्याच्या पाव हिश्श्याहून थोडा अधिक भरेल, फार तर. जुन्या कैच्या, मधूनच कापलेल्या तुळया, वर्षानुवर्षांच्या धुरानं खाल्लेले जोड अशा छपरावर १५ किलो वाढवायला अभियंता कचरतो आणि ते बरोबरच आहे. नुसत्या भारापेक्षा वाऱ्याची ओढ अधिक धोक्याची. वळवाच्या वादळात पॅनेलाखाली शिरलेला वारा सगळा सांगाडा उचलायला बघतो. काही अवघड छपरांवर, गोदामांच्या कमानी छपरांवर, चिकटवायचा पातळ माल हाच शहाणपणाचा पर्याय ठरेल. तिथे तो जरूर वापरावा. पण चिकटवायचा, म्हणजे पुढे काढता येईल असा. पत्र्यात कायमचा भाजलेला नको.

दुसरा मुद्दा स्वदेशीचा. सौर पॅनेलच्या साखळीतल्या प्रत्येक टप्प्यावर जगातली ८० टक्क्यांहून जास्त क्षमता चीनकडे आहे. पोलाद मात्र आपलं आहे, रंगीत पत्र्याचे मोठे कारखाने देशात आहेत, मग पत्र्यातून वीज काढली तर परावलंबन सुटेल, असा हा युक्तिवाद. भावना मला पटते. सूर्यघर योजनेत अनुदानासाठी पॅनेल देशात बनलेल्या सेलचं असावं लागतं, ही अट मला योग्य वाटते. पण पातळ थरांच्या मालानं चीनवरचं अवलंबन सुटतं हा समज चुकीचा आहे. त्यातला गॅलियम जवळजवळ सगळा चीनमधून येतो आणि २०२३ मध्ये चीननं त्याच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. इंडियमचाही सर्वात मोठा उत्पादक चीनच. पेरोव्स्काइटला या धातूंची तितकी गरज नाही, पण त्याच्या बहुतेक चांगल्या प्रकारांत शिसं असतं आणि ओल त्याला सोसत नाही. आपल्या पत्र्यावरचं पाणी पन्हळीतून नाल्यात आणि नाल्यातून पंचगंगेत जातं. त्या नदीनं आधीच पुष्कळ सोसलंय. शिसं बाहेर येणार नाही, याचा उघड्यावरचा पुरावा हातात आल्याशिवाय असा थर छपरांवर पसरू देऊ नये.

तेव्हा सार्वजनिक धोरण कशाला धरून असावं? मालाला नको, छपराला धरून असावं. एमआयडीसीनं नव्या शेडला आणि छप्पर बदलण्याला परवानगी देताना एक अट घालावी, की कैच्या आणि पर्लिन चौरस मीटरला किमान १५ किलोचा जादा कायम भार आणि पॅनेलांमुळे वाढणारी वाऱ्याची ओढ पेलतील असे बांधलेले असावेत. नवीन बांधताना यासाठी लागणारं लोखंड थोडंसंच असतं. नंतर जुन्या कैचीला डाग देत बसणं महाग पडतं आणि भट्टी बंद ठेवावी लागते ते वेगळंच. छपरावर चालायची पक्की वाट असावी, कारण प्लेटा धुवायला माणूस वर चढणार आणि पिवळ्या पडलेल्या पारदर्शक पत्र्यावर पाय पडला की तो थेट खाली येतो. फाउंड्रीची काळी भुकटी पॅनेलवर बसते, म्हणून वर पाण्याचा नळ हवा. इन्व्हर्टरची जागा २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या रेषेच्या वर ठरवलेली असावी. आणि पत्रा शक्यतो उभ्या शिवणीचा घ्यावा, ज्यावर भोक न पाडता क्लॅम्पनं पॅनेल बसतात.

या अटीत सिलिकॉनचं नाव कुठेच नाही. उद्या पेरोव्स्काइट आलं, सिलिकॉनवर पेरोव्स्काइटचा दुहेरी सेल स्वस्त झाला, अथवा पोलादाला चिकटणारा चांगला पातळ माल निघाला, तरी हे छप्पर त्याला जागा देईल. आज पैसे मालावर लावले तर एका तंत्रज्ञानाशी लग्न लागतं. छपरावर लावले तर वाट मोकळी राहते.

राहिला संशोधनाचा प्रश्न. इथे कोल्हापूरला एक हक्काची संधी आहे आणि ती हातची जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान अधिविभागात पातळ थरांवर गेली कित्येक दशकं काम चाललं आहे. द्रावणात पट्टी बुडवून कमी तापमानात थर वाढवणं, तापलेल्या पृष्ठभागावर द्रावण फवारून थर बसवणं या स्वस्त रासायनिक पद्धतींत इथल्या संशोधकांचं नाव जगभरच्या नियतकालिकांत दिसतं. डॉ. सी. डी. लोखंडे यांच्यासारख्यांनी या विषयात विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. वीज देणाऱ्या पत्र्याला जे ज्ञान लागतं ते इथे आहे, आणि पत्रा कापणारे, वाकवणारे, वेल्डिंग करणारे हात इथून चार किलोमीटरवर उद्यमनगरात आहेत. या दोघांची भेट क्वचित होते. प्रयोगशाळेतला सेल बोटाच्या नखाएवढा असतो, छपरावरचा पत्रा वीस फुटी. मधलं अंतर शोधनिबंधांनी कापलं जात नाही.

आंतरराष्ट्रीय चाचणीत पॅनेल ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत १,००० तास ठेवतात. चांगली चाचणी आहे, पण त्या पेटीत फाउंड्रीचा धूर नसतो, गूळ शिजवणाऱ्या चुलाणाची काजळी नसते आणि वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा गगनबावड्याचा पाऊस नसतो. म्हणून दोन उघडी चाचणी-छपरं बांधावीत, एक शिरोलीत फाउंड्रीच्या शेजारी आणि दुसरं गगनबावड्यात. प्रत्येकावर साधं सिलिकॉन, चिकटवायचा पातळ माल आणि विद्यापीठात तयार झालेले पोलादावरचे थर शेजारी शेजारी लावावेत. रोजची वीज, पत्र्याखालचं तापमान, पन्हळीतल्या पाण्यातलं शिसं आणि कापलेल्या कडेचा गंज, सगळं मोजावं. खर्च एखाद्या लहान शेडएवढा आहे, जिल्हा नियोजनाच्या निधीत तो सहज बसेल. आकडे दर पावसाळा संपल्यावर मराठीत छापून उद्योजकांच्या संघटनांना आणि फॅब्रिकेटरांना द्यावेत, म्हणजे वीज देणारा पत्रा घेऊन कुणी दारात आला तर मालकाला पहिला प्रश्न त्या आकड्यांवरूनच विचारता येईल.